अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर बे या खाडीत हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालाच्या आकाराचा समुद्री प्राणी) पकडण्यावर बंधनं आणून रेड नॉट पक्षी वाचला का?

वाचला असं अजून म्हणता येणार नाही, पण बंधनं नसती तर माझ्या मते हाल अजून वाईट झाले असते. कारण सरळ आहे, हा पक्षी दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाकडून कॅनडाच्या आर्क्टिककडे जाताना मे महिन्यात इथे उतरतो तेव्हा पार खंगलेला असतो आणि दोनेक आठवडे क्रॅबची अंडी खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो, ते नाही जमलं तर पुढे जाऊन पिल्लं काढायची ताकदच उरत नाही. १९९० च्या दशकात ईल आणि समुद्री गोगलगायी पकडायला आमिष म्हणून क्रॅब बेसुमार उचलले गेले. मग खाडीला लागून असलेल्या न्यू जर्सी राज्याने २००८ ला पूर्ण बंदी घातली, आणि २०१३ पासून बेमधल्या क्रॅब माद्या पकडण्याचा कोटा शून्य आहे (नर बाकीच्या राज्यांत चालतात).

फक्त क्रॅबची मादी वयात यायलाच ९-१० वर्षं लागतात त्यामुळे रिझल्ट लगेच दिसत नाही, २०२१ च्या मोजणीत ७ हजारपण पक्षी भरले नाहीत, १९८० च्या दशकात हेच ९० हजारांच्या वर होते. आणि औषध कंपन्या रक्तासाठी क्रॅब पकडतात ते या कोट्यात धरतच नाहीत.