माठात पाणी गार होतं, मग चिनी मातीच्या बरणीत का नाही? दोन्ही मातीचीच ना?

मातीचीच, पण भाजणी वेगळी. माठाची भट्टी साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंतच जाते. तेवढ्यात माती कडक होते, पण वितळून एकजीव होत नाही. शिवाय कुंभार मातीत लीद किंवा भुसा मळतो, तो भट्टीत जळून जातो आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. म्हणूनच नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठ जे काम करतो, ते मुंबईच्या दमट हवेत तितकं जमत नाही.

लोणच्याची जाड बरणी १२०० अंशांच्या वर भाजलेली असते. त्या तापात मातीचा काही भाग काचेसारखा होऊन छिद्रं बुजतात, वर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, असतोच. खार-तेल आत मुरत नाही, आंबटपणाही तिला काही करत नाही. चहाचे पातळ पांढरे कप ही आणखी पुढची पायरी: केओलिन ही पांढरी माती, सोबत फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड.

घरी बघायचं असेल तर बरणी उलटी करा. बुडाच्या कडेला झिलई नसते. तिथे पाण्याचा थेंब ठेवा, तसाच राहील. नव्या कोरड्या पणतीवर ठेवलात तर लगेच शोषला जाईल.

आणि माठ घेताना टिचकी मारून बघाच. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.