मानेची गादी सरकली, शस्त्रक्रिया करावीच लागेल का?

प्रश्न : माझे वय 44 वर्षे आहे. दीड महिन्यापासून मानेतून डाव्या हाताच्या अंगठ्यापर्यंत कळा येतात, मुंग्याही येतात. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्याचे आढळले. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. मी काय करावे?

उत्तर : या दोन मणक्यांमधून निघणारी नस अंगठा आणि तर्जनीकडे जाते, म्हणजे आपला त्रास एमआरआयशी जुळतो. हे जुळणे महत्त्वाचे, कारण काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते. निव्वळ अहवाल वाचून शस्त्रक्रिया ठरवू नये.

खरा निर्णय हातातील ताकदीवर अवलंबून असतो. मनगट वर उचलण्याची आणि कोपर वाकवण्याची ताकद दोन्ही हातांत सारखी आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती शाबूत असेल, तर मी थांबण्याच्या बाजूने आहे. बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बराच आराम पडतो, कारण नसेभोवतीची सूज ओसरते आणि गादीचा बाहेर आलेला भाग शरीर अनेकदा हळूहळू शोषून घेते. तोवर वेदनाशामक गोळ्या, गरज पडल्यास प्रीगॅबालिनसारखे नसेच्या कळांवरील औषध आणि कळा सोसवू लागल्या की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम, हा मार्ग डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावा. कॉलर थोडे दिवसच वापरावा, नाहीतर मानेचे स्नायू दुबळे होतात. झटका देऊन मान मोडून घेणे मात्र कटाक्षाने टाळा. त्याने दबलेल्या नसेला आणखी इजा होऊ शकते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम मिळतो, पण मानेत ते देण्यात जोखीम असते, म्हणून अनुभवी तज्ज्ञाकडूनच घ्यावे.

एवढे करूनही कळा असह्य राहिल्या किंवा ताकद कमी होत गेली, तर शस्त्रक्रियेला घाबरू नये. बहुधा गळ्याच्या पुढील बाजूने गादी काढून दोन मणके जोडतात किंवा कृत्रिम गादी बसवतात. हाताच्या कळा बहुतेकदा चांगल्या थांबतात, मानदुखीबाबत तेवढी खात्री देता येत नाही.

सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा वेळी बारा आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.