थिएटर मॅनेजमेंटला जातेयस? मग बॉक्स ऑफिसपासून सुरू कर

अगं, आर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत चाललीयस हे ऐकून खरंच आनंद झाला, पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसव, तिथली रिजनल थिएटरं, म्हणजे न्यूयॉर्कबाहेरच्या शहरांतली स्वतःची नाटकं करणारी थिएटरं, नुसत्या तिकिटांवर चालत नाहीत. १९४७ला डॅलसमध्ये मार्गो जोन्स आणि ह्यूस्टनमध्ये नीना व्हान्स या दिग्दर्शिकांनी अशी थिएटरं सुरू केली, १९५०ला वॉशिंग्टनला अरीना स्टेज निघालं, ते आधी चक्क धंदा म्हणून होतं, नंतर नॉनप्रॉफिट, म्हणजे नफा न वाटणारी संस्था झालं, कारण मग देणग्या घेता येतात. पुढे फोर्ड फाउंडेशन या देणगी देणाऱ्या मोठ्या संस्थेचा पैसा आला, १९६३ला मिनिआपोलिसचं गथ्री थिएटर, १९६५ला कलांना अनुदान देणारं सरकारचं नॅशनल एंडोमेंट, आणि बघता बघता शहरोशहरी थिएटरं उभी राहिली.

म्हणून मॅनेजरचा निम्मा जीव सबस्क्रिप्शन (अख्ख्या सीझनची तिकिटं एकदम विकणं), ग्रँटचे म्हणजे अनुदानाचे अर्ज आणि बोर्डाची, म्हणजे संचालक मंडळाची माणसं सांभाळण्यात जातो. सुरुवातीला बॉक्स ऑफिसची शिफ्ट मिळाली तर नाक मुरडू नकोस गं, मी केलीय. एक आजी दरवर्षी फोन करून कडेच्या त्याच दोन सीट घ्यायच्या, नवरा गेल्यावरही दोनच, दुसऱ्या सीटवर कोट ठेवायच्या. हे ज्याला माहितीय त्यालाच त्यांना देणगीचं पत्र लिहिता येतं, ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

आणि हो, इंटर्नशिपला अर्ज करण्याआधी त्या थिएटरचा फॉर्म ९९०, म्हणजे नॉनप्रॉफिट संस्था दरवर्षी टॅक्सखात्याला देतात तो हिशोब, उघडून बघ, तो सगळ्यांना बघता येतो, तिकिटांचे किती, देणग्यांचे किती, तोटा आहे का, सगळं कळतं.