मिनोल्टा हाताशी असताना कोणत्या रेस निवडाव्यात?

'ग्रान टुरिस्मो ४' या मोटार शर्यतींच्या व्हिडिओ गेममध्ये टोयोटाची मिनोल्टा ८८सी-व्ही ही ताकदवान रेसिंग गाडी गॅरेजात आल्यापासून प्रत्येक रेस पहिल्याच लॅपमध्ये निकालात निघते आणि ए-स्पेक गुण (स्वतः गाडी चालवून जिंकल्यावर मिळणारे) मात्र एक-दोनच मिळतात, तेव्हा ही गाडी न्यावी तरी कुठे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या गाडीने गुण मिळवण्याचा नाद आधी सोडून द्यावा. एका रेसला जास्तीत जास्त २०० गुण मिळतात आणि तुमची गाडी समोरच्या पाच गाड्यांच्या तुलनेत किती कमकुवत आहे, यावर ते ठरतात. मिनोल्टा घेऊन नवशिक्यांच्या रेसमध्ये उतरणे म्हणजे गल्लीतल्या पोरांच्या सामन्यात रणजी खेळाडूला फलंदाजीला पाठवणे होय.

बक्षिसाची रक्कम मात्र गुणांवर अवलंबून नसते. शिवाय एका रेसमधले तुमचे सर्वोत्तम गुणच धरले जातात, त्यामुळे आज मिनोल्टाने जिंकून क्रेडिट (गेममधले पैसे) घ्यावेत आणि पुढे कधीतरी एखादी साधी गाडी घेऊन त्याच रेसमध्ये गुणांसाठी परत यावे, यात काहीच नुकसान नाही.

मिनोल्टाची खरी जागा एन्ड्युरन्स म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या रेसमध्ये, विशेषतः ले मान्स आणि नुर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतींत आहे. इतका वेळ हातात कंट्रोलर धरून बसणे कोणालाच शक्य नसल्याने बहुतेक जण बी-स्पेक ड्रायव्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने गाडी चालवणाऱ्या गेममधल्या ड्रायव्हरकडे, गाडी सोपवतात, आणि बी-स्पेकमध्ये तसेही ए-स्पेक गुण मिळत नसल्यामुळे ताकदवान गाडी नेल्याची किंमत इथे शून्य असते. बी-स्पेकमध्ये घड्याळ तिप्पट वेगाने पळवले तरी आठ तास जातातच. (आमच्या घरी त्या काळात टीव्हीवर दुसरे काही लागत नसे, आणि त्यावरून झालेली बोलणी अजून लक्षात आहेत.) हा ड्रायव्हर पुढच्या गाडीला मागे टाकताना फार कचरतो, पण मिनोल्टा असली की सरळ रस्त्यावर त्याचे काम आपोआप होते.

ले मान्सचा सार्थ ट्रॅक गेममध्ये दोन रूपांत आहे. १९९० मध्ये तिथल्या जवळपास सहा किलोमीटरच्या मुल्सान सरळीवर दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी आखूड वळणे, बसवल्या गेल्या. एका रूपात त्या आहेत, दुसऱ्यात नाहीत. शिकेन नसलेल्या ट्रॅकवर फायनल गिअर लांब करून घ्या, म्हणजे गाडीचा कमाल वेग वाढतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळी अर्धी बाकी असतानाच सुई लाल पट्ट्यात जाऊन थांबली, इंजिन नुसते किंचाळत राहिले आणि वेग तसूभरही वाढेना. शिकेन असलेल्या रूपात हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे ब्रेकची परीक्षा असते.

गाडी चालवण्याची खरी मजा हवी असेल तर नुर्बुर्गरिंगचा लांबलचक नॉर्डश्लाइफ ट्रॅक निवडावा. २०.८ किलोमीटरच्या त्या लॅपमध्ये फ्लुगप्लाट्झच्या उंचवट्यावर चाके हलकी होतात आणि त्याच क्षणी पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर उतरताना गाडी कुठे तोंड करील याचा नेम नसतो. कोत दाझूर आणि सित्ता दि आरिया या अरुंद रस्त्यांवर मात्र ही गाडी नेऊ नये. तिथे ताकद वापरायला जागाच मिळत नाही.

माती आणि बर्फाच्या रेसचा मिनोल्टाशी संबंध नाही, पण पूर्ण ट्यून केलेली (ताकद वाढवलेली) मित्सुबिशी लान्सर तुम्ही तिकडे नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे समोर एकच प्रतिस्पर्धी असतो आणि भिंतीला किंवा त्याला धक्का लागला की पाच सेकंद गाडी ५० किलोमीटरच्या वेगात अडकते. जास्तीची अश्वशक्ती अशा दोन धक्क्यांत वाया जाते.

तरीही मिनोल्टानेच गुण हवे असतील, तर मऊ टायर काढून कडक टायर लावा, २०० किलोंचे बॅलास्ट (जादा वजन) चढवा आणि रेसमधून बाहेर पडून पुन्हा आत जात राहा. प्रत्येक वेळी प्रतिस्पर्धी बदलतात आणि सुरुवातीआधीच्या पडद्यावर गुणही दिसतात, त्यामुळे समोर ले मान्सचे प्रोटोटाइप, म्हणजे मिनोल्टासारख्याच खास शर्यतीच्या गाड्या, आलेले दिसले की मगच स्टार्ट दाबावे.