सिम बंद पडलं की ओटीपी कुणाकडे जातो?

प्रश्न: पासवर्ड चांगला मोठा ठेवलाय, ओटीपी कुणाला सांगत नाही, तरी सिम स्वॅपमध्ये पैसे जातात म्हणे, ते कसं काय?

उत्तर: तुम्ही सांगायची गरजच नसते हो, तोच तर घोळ आहे! चोर तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढतो, तुमचं बंद पडतं आणि ओटीपी थेट त्याच्या फोनवर. आजूबाजूला सगळ्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसतंय तर नुसतं रीस्टार्ट करत बसू नका, दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं ब्लॉक करा, मग सिम कंपनीला. बँकेचा नंबर एटीएम कार्डामागे छापलेलाच घ्या, सर्चमध्ये खोटे कस्टमर केअरवाले बसलेलेच असतात. आणि ईमेलला वेगळा पासवर्ड अन् फोनमध्येच लॉगिनचा कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, बाकीचे बरेचसे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात, ही गोष्ट लोक हमखास विसरतात.