ब्रिटनमध्ये पक्षाच्या नेत्यावर 'अविश्वास ठराव' येतो का? शिवाय पायउतार, गच्छंती, उचलबांगडी

प्रश्न असा आलाय की ब्रिटनमध्ये स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी पक्ष आपटला की मराठी बातम्यांत 'पंतप्रधानांवर अविश्वास ठराव' असं यायला लागतं, मग पंतप्रधान तो ठराव जिंकतात, तरी थोड्या दिवसांत जातातच, आणि सरकार मात्र त्याच पक्षाचं राहतं. हे कसं काय? शब्द चुकतोय का? आणि जाणाऱ्या नेत्याला पायउतार म्हणायचं, गच्छंती म्हणायचं की उचलबांगडी?

शब्द चुकतोय असंच माझं मत आहे, आणि नुसता चुकत नाहीये, तो वाचणाऱ्यासमोर भलतीच घटना उभी करतोय म्हणून मला हे नीट सांगावंसं वाटतं.

मराठी माणसाच्या डोक्यात 'अविश्वास ठराव' म्हटलं की काय येतं? बहुतेकांच्या सरपंच येतो. सदस्य तहसीलदारांकडे नोटीस देतात, विशेष सभा लागते, मतदान होतं, ठराव मंजूर झाला की सरपंच गेला. त्याच्या वर विधानसभा नाहीतर लोकसभा, तिथे 'अविश्वास प्रस्ताव' म्हणायची पद्धत जास्त, आणि मंजूर झाला की अख्खं सरकार कोसळतं. दोन्हीकडे गोष्ट उघड सभागृहात होते, विरोधक त्यात असतात, कोण कुठल्या बाजूला हे सगळ्यांना दिसतं. ब्रिटनच्या संसदेत सुद्धा हे असतं बरं का, २८ मार्च १९७९ ला मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं तो खराखुरा अविश्वास प्रस्ताव. पण स्थानिक निवडणुकीनंतर जी बातमी येते ती याची नसतेच.

ती असते काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या आतल्या मतदानाची. त्या पक्षाच्या खासदारांची '१९२२ कमिटी' म्हणून एक संघटना आहे (नावात १९२२ असलं तरी स्थापना १९२३ ची, १९२२ ला निवडून आलेल्या खासदारांनी काढली म्हणून ते नाव), तिच्या अध्यक्षाकडे नाराज खासदार पत्र देतात की आमचा नेत्यावर विश्वास राहिला नाही. पत्रं गुप्त, आकडा एकट्या अध्यक्षाला माहीत. थेरेसा मे आणि बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना नियम असा होता की पक्षाच्या १५ टक्के खासदारांची पत्रं आली की मतदान लावायचं. गुप्त मतपत्रिका, फक्त त्या पक्षाचे खासदार, आणि विचारायचं इतकंच की नेत्यावर विश्वास आहे का नाही. यात कोणी प्रस्ताव मांडत नाही, चर्चा होत नाही, विरोधी पक्ष तर दाराबाहेर. मग याला ठराव कशाला म्हणायचं? 'पक्षांतर्गत विश्वासमत' किंवा 'पक्षाचं विश्वासदर्शक मतदान' म्हणावं, दोन्ही शब्द मराठीत चांगले रुळलेत, हेडलाइनला जागा कमी असेल तर 'पक्षात विश्वासमत' एवढंही पुरतं.

फरक किती मोठा आहे ते थेरेसा मे यांच्याच बाबतीत बघा, कारण त्यांच्यावर पाच आठवड्यांत दोन्ही प्रकार आले. १२ डिसेंबर २०१८ ला सकाळी कमिटीचे अध्यक्ष ग्रॅहम ब्रॅडी यांनी जाहीर केलं की लागणारी ४८ पत्रं आलीत, त्याच संध्याकाळी संसदेतल्या कमिटी रूम १४ मध्ये मतदान, आणि रात्री निकाल: २०० विश्वासाच्या बाजूने, ११७ विरुद्ध. मग १६ जानेवारी २०१९ ला मजूर पक्षाने हाउस ऑफ कॉमन्समध्ये सरकारवर अविश्वास प्रस्ताव आणला, तो ३२५ विरुद्ध ३०६ असा फेटाळला गेला. आता त्या ११७ जणांचं काय झालं? ज्यांनी डिसेंबरात 'आमचा या बाईंवर विश्वास नाही' असं मत दिलं त्यांच्यातल्या एकानेही जानेवारीत सरकारविरुद्ध मत दिलं नाही. यात दुटप्पीपणा काही नाही, दोन प्रश्नच वेगळे होते. एकात विचारलं होतं की आमचा नेता हीच राहावी का, दुसऱ्यात विचारलं होतं की आमचं सरकार राहावं का. मराठीत दोन्हीला 'अविश्वास ठराव' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की महिन्याभरात ११७ माणसांनी कोलांटी मारली.

आता स्थानिक निवडणूक यात कुठे येते ते. डिसेंबरातलं मतदान जिंकल्यामुळे मे यांना एक वर्षाचं अभय मिळालं होतं, म्हणजे वर्षभर पुन्हा तसं मतदान लावता येत नाही असा नियम. (अभय हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, इथे चपखल बसतो.) मार्च २०१९ अखेरची ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायची, तारीख टळली, २ मे ला स्थानिक निवडणुका झाल्या आणि पक्षाने १३०० च्या वर जागा गमावल्या. दुसऱ्या दिवशी थेरेसा मे वेल्समध्ये लँगॉलनला पक्षाच्या अधिवेशनात बोलायला उभ्या राहिल्या तर समोरून पक्षाचाच एक माजी कौन्सिलर उठून ओरडला, राजीनामा का देत नाही तुम्ही! यात खासदार कुठेच नाहीत, लक्षात घ्या. खाली दारोदार फिरून मतं मागणारे कौन्सिलर आणि कार्यकर्ते असतात, वरच्यांच्या कारभाराची किंमत पहिल्यांदा त्यांना मोजावी लागते, आणि म्हणूनच दर मे महिन्यात तिथल्या नेत्यांच्या पोटात गोळा येतो. पक्षाच्या स्थानिक संघटनांच्या ६५ हून जास्त अध्यक्षांनी सह्या करून विशेष बैठक मागितली, ती १५ जूनला घ्यायची ठरली, तिथलं मत बंधनकारक नसणार होतं पण नाचक्की तर झालीच असती. त्याआधीच २४ मे ला मे यांनी ब्रॅडींना भेटून, मग डाउनिंग स्ट्रीटवर येऊन जाण्याची तारीख सांगितली.

जाता जाता, त्या 'कौन्सिलर'ला सरसकट नगरसेवक लिहू नये असं मला वाटतं. लंडनच्या बरोमधला (बरो म्हणजे शहरातला स्वतःची कौन्सिल असलेला विभाग) असेल तर नगरसेवक चालून जाईल, पण काउंटी कौन्सिल म्हणजे जिल्ह्याएवढा ग्रामीण भाग, तिथे नगर कुठलं? कौन्सिलर सगळ्यांना कळतं, तेच ठेवा.

याच २४ मे वरून अजून एक चूक सांगायची राहिली. त्या दिवशी 'मे यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला' असं म्हणणं बरोबर नाही. त्यांनी जाहीर केलं की ७ जूनला पक्षाचं नेतेपद सोडणार, आणि नवा नेता निवडून होईपर्यंत म्हणजे २४ जुलैपर्यंत पंतप्रधान त्याच होत्या. जॉन्सन यांचंही तसंच, ७ जुलै २०२२ ला जाहीर केलं, प्रत्यक्ष पद सोडलं ६ सप्टेंबरला. मराठीत 'राजीनामा दिला' म्हणजे झालं, कागद टेबलावर पडला, माणूस मोकळा. इथे 'पद सोडणार असल्याचं जाहीर केलं' एवढं लांब लिहावं लागतं पण लिहावं, नाहीतर दोन महिने हा राजीनामा दिलेला माणूस कारभार कसा करतोय म्हणून वाचणारा गोंधळतो.

आता जाण्याच्या तीन शब्दांकडे येऊ, हा भाग मला सगळ्यात आवडतो.

'पायउतार' म्हणजे मुळात घोड्यावरून, पालखीतून खाली उतरून पायावर आलेला. उतरणारा स्वतः उतरतो. खालून कितीही ओरडा असला तरी शेवटचं पाऊल त्याचं स्वतःचं. मार्गारेट थॅचर यांना हा शब्द अगदी शोभतो. १९९० च्या मे मधल्या स्थानिक निवडणुका पोल टॅक्सच्या (दर प्रौढ माणसामागे सारखाच घ्यायचा स्थानिक कर) संतापात झाल्या, नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाचे मायकल हेसल्टाइन थेट आव्हान द्यायला उभे राहिले (तेव्हाचा नियम वेगळा होता, विश्वासमत नव्हतं, समोरासमोर लढत होती), २० तारखेला थॅचर यांना २०४ आणि हेसल्टाइनना १५२ मतं पडली. थॅचर पुढे होत्या! पण पहिल्याच फेरीत जिंकायला जेवढी आघाडी लागायची त्याला चार मतं कमी पडली. दुसरी फेरी लढता आली असती, मंत्र्यांशी एकेक करून बोलल्या, आणि २२ तारखेला नाही लढत म्हणून सांगितलं. पायउतार झाल्या.

'उचलबांगडी' याच्या बरोबर उलट. चौघांनी हातपाय धरून उचलायचं आणि न्यायचं, शाळा चुकवणाऱ्या पोराला न्यायचे तसं. त्यात उचलल्या जाणाऱ्याची मर्जी नसतेच. हा शब्द मी इयान डंकन स्मिथ यांच्यासाठी वापरेन. ते काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते, तेव्हा विरोधी पक्षनेते होते, २९ ऑक्टोबर २००३ ला त्यांच्यावर विश्वासमत झालं आणि ९० विरुद्ध ७५ असे ते हरले. त्यांनी काही सोडलं नाही, त्यांना काढलं. आणि स्थानिक निवडणूक हरल्यामुळे हे झालं असंही नाही, त्या वर्षीच्या मे मध्ये पक्षाच्या जागा वाढल्या होत्या, तरी मतदान संपल्या संपल्या त्यांच्याच फळीतल्या क्रिस्पिन ब्लंट यांनी राजीनामा देऊन नेता बदला म्हणून सांगितलं होतं. म्हणजे निकाल हे कधी कधी निमित्तसुद्धा नसतं, तारीख ठरलेली असते एवढंच.

'गच्छंती' या दोघांच्या मधली. कशी गेली, स्वतःहून की ढकलून, ते हा शब्द सांगत नाही, फक्त जाणं पक्कं आहे असं सांगतो, म्हणून 'गच्छंती अटळ' इतकं सहज येतं. जॉन्सन यांना तोच लावावा. ५ मे २०२२ च्या निवडणुकीत लंडनमधली वेस्टमिन्स्टरची कौन्सिल पक्षाच्या हातून गेली, जी १९६४ पासून कधी गेली नव्हती, आणि १९७८ पासून हातात असलेली वाँड्सवर्थचीही गेली. ६ जूनला विश्वासमत २११ विरुद्ध १४८ असं जिंकले, अभयही मिळालं, २३ जूनला दोन पोटनिवडणुका हरले, ५ जुलैला जाविद आणि सुनक यांनी मंत्रिपदं सोडली आणि मग रांगच लागली. ते स्वतः उतरलेही नाहीत आणि कुठल्या मतदानाने काढलंही नाही, सरकार चालवायला माणसंच उरली नाहीत. त्याला गच्छंतीच म्हणायची.

मजूर पक्षाचं मात्र वेगळं लिहायला हवं. तिथे पत्रं गोळा करायची पद्धत नाही. नेत्याला हलवायचं तर दुसरा उमेदवार उभा करावा लागतो आणि त्याला पक्षाच्या २० टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो, २०२४ नंतरच्या संख्येत म्हणजे साधारण ८० खासदार. म्हणून मे २०२५ मध्ये रनकॉर्नची पोटनिवडणूक सहा मतांनी गेली, रिफॉर्म यूके या पक्षाने ६७७ कौन्सिलर निवडून आणले आणि मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर यांच्यावर दबाव वाढला, तेव्हाही 'अविश्वास ठरावाची शक्यता' हे शब्द बसत नव्हते, 'नेतृत्वाला आव्हान' हेच बरोबर. ही वाट अवघड असल्याने तिथे मंत्री राजीनाम्याचं हत्यार काढतात. ४ जून २००९ ला रात्री दहाला मतदान बंद होताच जेम्स पर्नेल यांनी मंत्रिपद सोडून पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना बाजूला व्हा असं लिहिलं, पक्षाच्या हातातल्या चारही काउंटी कौन्सिल गेल्या, तरी ब्राउन राहिले, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत.

आणि ज्यांना 'अविश्वास ठराव' हा शब्द पक्षाच्या बाबतीत वापरायचाच आहे त्यांच्यासाठी एक जागा आहे. २८ जून २०१६ ला मजूर पक्षाच्या खासदारांनी आपले नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर रीतसर अविश्वासाचा ठराव आणला आणि १७२ विरुद्ध ४० असा मंजूर केला. शब्द तंतोतंत बसतो. पण पक्षाच्या नियमात त्या ठरावाला काही किंमतच नव्हती, कॉर्बिन हलले नाहीत, आणि सप्टेंबरात सभासदांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं.