रंगीत पिल्लं घ्यावीत का?

प्रश्न : आठवडी बाजारात सायकलवाल्याकडून वीस रंगीत पिल्लं घेतली. खोक्यात ठेवून कनकी टाकली. आठवड्यात बहुतेक मेली. मोठी झाली की अंडी देतील, असं तो म्हणाला होता. आता पुन्हा कुठून घेऊ?
– एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, ती जगली असती तरी अंड्यावर आली नसती. अंड्याच्या जातीच्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर-मादी निवडतात. नर अंडी देत नाही, ब्रॉयलरसारखा भरतही नाही, म्हणून मातीमोल भावात जातो. त्यालाच रंग देऊन गावोगाव विकतात. घरातली मुलं कितीही हटून बसली तरी रंगीत पिल्लू घेऊ नका.

वस्तीत कुणाची कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी बसवा. अंडी कोंबडा असलेल्या घरची आणि आठवड्याच्या आतली हवीत. 21 दिवसांनी पिल्लं निघतात, ऊब त्यांची आईच देते. जास्त हवी असतील तर नागपूरला पशुसंवर्धन विभागाचं अंडी उबवणी केंद्र आहे. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पण माझं ऐकाल तर या खेपेला महिनाभर वाढवलेली, लस झालेलीच घ्या. महाग पडतात, पण तगतात.

एक दिवसाचीच आणली, तर सगळा जीव उबेत असतो. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नको, पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत असतील तर गारठलीत. चोच उघडी टाकून कडेला पळाली तर तापलीत. पसरून निजली की समजा, जमलं. चौकोनी खोकं नको. कोपऱ्यात गर्दी होते नि खालची गुदमरतात. पुठ्ठा गोल वळवून उभा करा, खाली धानाचं तूस पसरा. लाइट गेली तर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिचा वायू जीव घेतो. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा.

आल्याबरोबर दाणा नको, आधी गुळाचं कोमट पाणी. एकेक पिल्लू ओंजळीत धरून चोचीचं टोक पाण्यात बुडवायचं. ते मान वर करून घोट गिळतं, तेवढ्यानं त्याला पाणी कळतं. मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, द्या. नुसत्या कनकीनं पोट भरतं, अंग धरत नाही.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस डोळ्यात थेंबानं द्यायची. कुपी शंभर किंवा जास्त पिल्लांची असते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या चार घरांची पिल्लं एकाच सकाळी जमवा. कुपी बर्फातच आणा.

आणि बाजारातून मोठी कोंबडी आणलीत तर शेपटीखालची पिसं बघून घ्या. हिरवट हगवणीनं माखली असतील तर फुकट मिळाली तरी नको. धडधाकट दिसली तरी तीन आठवडे घरामागच्या सांदवाडीत वेगळ्या डाल्याखालीच ठेवा.